संयोगचिन्ह

चौतीस वर्षं मी चोडणच्या शाळेत शिकवलं:
ही छोटी आडवी रेघ. हिला उच्चार नसतो.
दोन शब्दांच्या मधे बसते, गप्प.
पोरं लांबलचक ओढायची, मी मार्क कापायचो.

तीच रेघ आता नातीच्या नावात.
जानकी-इनासिना.
सुलक्षाने फोनवर सांगितलं तेव्हा
मी आधी बोटांवर अक्षरं मोजली, मग म्हणालो,
नाव ठेवताय की समास घालताय?
ती म्हणाली, द्वंद्व समास, बाबा.
द्वंद्व म्हणजे भांडणही, मी म्हटलं.
ती हसली. तिला ठाऊक होतं.

मग ज्याने त्याने मत दिलं, न विचारता.
फोंड्याची माझी बहीण: पत्रिकेत एकच आद्याक्षर चालतं,
आणि त्या दुसऱ्या नावाचं आपल्यात काय काम?
पाद्री: बाप्तिस्म्याला मला इनासिना पुरे, बाकी तुम्ही बघा.
पोदेर सायकलवरून न उतरता: मास्तर, हाक मारपाक लांब जालें.
फेरीबोटीवरचा कायतान मात्र पाण्याकडे बघत बोलला,
मीही कायतान-जुझे होतो.
जुझे शाळेतच गळला. कुणी शोधला नाही.

मीही विरोधातच होतो.
कारण व्याकरणाचं आहे, असं सांगत होतो.

पंचायतीत क्लार्क पोरगी चांगली होती, माझीच विद्यार्थिनी.
सर, कॉम्प्युटर रेघ घेत नाही, ती म्हणाली.
जोडून लिहू? की मधे जागा सोडू?
नाहीतर एकच ठेवा, जानकी. सुटसुटीत.
तिच्या डोक्यामागे बोर्ड होता,
चोडण-माडेल ग्रामपंचायत,
पिवळ्यावर काळी, चांगली वीतभर रेघ.

जानकी माझी आई.
इनासिना पलीकडची, जावयाची आजी.
मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा.
त्यांच्याकडचं शिजवलेलं आमच्यात चालत नसे,
म्हणून नाताळला इनासिना गडग्यावर नारळ ठेवायची,
केळ्यांचा घड, कधी कच्ची बिंबलं.
ती दोन पावलं मागे सरली की आई उचलायची.
चवथीला आई पानावर नेवऱ्या ठेवायची
आणि तीही मागे सरायची, तेवढीच.
हाताला हात लागलेला मी पाहिला नाही.

एकदाच.
धाकटी बहीण झाली तेव्हा आईला ताप, दूध आटलेलं.
मी सात वर्षांचा, चटईवर झोपेचं सोंग घेऊन.
कंदील गडग्यावर ठेवून कुणीतरी चढून अलीकडे आलं.
साडी नव्हती नेसलेली. पायघोळ झगा, लसणीचा वास.
नऊ रात्री.
घरात यावर पुढे कुणी शब्द काढला नाही,
आणि फोंड्याच्या बहिणीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी क्लार्कला म्हणालो, रेघ काढायची नाही.
आवाज वर्गातला लागला बहुतेक,
कारण शेजारच्या टेबलावरचा माणूसही सरळ बसला.
तिने तीनदा दाबून पाहिलं, पणजीला फोन लावला.
सर, खरंच घेत नाही हो.

दाखल्यावर मधे जागा आहे. कोरी.
सरकारी कागदावर खाडाखोड गुन्हा, हे मला कळतं.
झेरॉक्सवर नाही.
रात्री तांबडं पेन काढलं, चष्मा पुसला
आणि तिथे ओढली.
बायको म्हणाली, लांब झाली,
आणि तिरकी.

बाळ जागं झालं.
त्याला सगळे नुसतं बाय म्हणतात.